हात वर जातो का?

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी मी आवाज चढवला आणि फोन ठेवला, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही. चूक माझीच. पण तू कप डाव्या हातात धरला होतास, ते मी पाहिलं. डॉक्टरांनी उजव्या खांद्याला तीन आठवडे विश्रांती सांगितलेली आणि तू चौथ्या दिवशी ऑफिसात. वर मलाच म्हणालास, "बाबा, गोंदो आठवतो ना?"

आठवतो रे. मी जपानला आलो तेव्हा नागोयाच्या डोममध्ये मला निळी टोपी घालून बसवलंस आणि समोरची बेसबॉलची मॅच सोडून जुन्या खेळाडूबद्दल, हिरोशी गोंदोबद्दलच बोलत राहिलास. १९६१ साल, नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्स संघाकडून पहिलंच वर्ष, वय अवघं २२. १३० सामन्यांच्या हंगामात हा पिचर, म्हणजे आपल्याकडचा बोलर, ६९ सामन्यांत उतरला, ४२९ डाव (एका मॅचला साधारण नऊ) टाकले, ३५ विजय नावावर. लोक म्हणायचे, "गोंदो, गोंदो, पाऊस, गोंदो." पाऊस पडला तरच त्याला सुट्टी. तू हे हातवारे करून सांगत होतास. तेव्हा दोन्ही हात वर जात होते तुझे.

पण गोष्ट तू अर्धीच सांगितलीस. पुढचं मी इथे शोधून वाचलं. १९६२ ला ३० विजय, १९६३ ला १०, १९६४ ला ६. खांदा गेला. पिचरने खांदा गार पडू द्यायचा नाही, अशी तेव्हाची समजूत. मग त्याला इनफिल्डमध्ये, म्हणजे जवळच्या फिल्डिंगला, उभं केलं. १९६८ ला, तिशीही गाठली नव्हती, खेळणं संपलं. एकूण ८२ विजय, त्यातले ६५ पहिल्या दोन वर्षांतले. तुझंही तिथलं दुसरंच वर्ष आहे, ओंकार. "नाही" म्हणायला शीक. शरीर एकदा...

असो. पुन्हा भाषण सुरू झालं. माफ कर.

ती सलोनपासची पट्टी लावतोस ना, ती कंपनी तोसूची. गोंदोचंही गाव तेच. रात्री झोपताना हात वर जातो का?

तू सातवीत होतास. कॉलनीच्या मॅचमध्ये "अजून एक ओव्हर, अजून एक" करत मीच तुला दुपारभर बोलिंग टाकायला लावली. सात विकेट! बिल्डिंगभर पेढे वाटले मी. रात्री तुझा हात ताटावरून तोंडापर्यंत येईना, आईने वरणभात भरवला. तू रडला नाहीस, आणि तेही मी आत्याला फोन करून कौतुकाने सांगितलं. "नाही" म्हणायचं तू शिकणार कुणाकडून?

१९९८ ला हाच गोंदो योकोहामा बेस्टार्सचा मॅनेजर झाला आणि पहिल्याच वर्षी त्या संघाने जपान सीरिज, म्हणजे तिथल्या बेसबॉलचं विजेतेपद, जिंकली, तब्बल ३८ वर्षांनी. पिचरचा खांदा ही झिजणारी वस्तू, ती पुरवून वापरायची, असं तो मानत आला. तुझ्या साहेबांना हे सांगता येईल का? तुझं जपानी इतकं चांगलं आहे, बसेल ते वाक्य नीट. नागोयाचेच आहेत, त्यांना गोंदो माहीत असणार.

निळी टोपी देवघराशेजारच्या खुंटीला आहे. येईल-जाईल त्याला दाखवतो.

शनिवारी व्हिडिओ कॉल कर. आईही बसेल. कप उजव्या हातात धर.

तुझा,
बाबा