लान्सलॉटही रडला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल रविवारच्या पुरवणीतला शिलेदार आणि सुपरहिरोंवरचा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा चष्मा पुसून, कारण विश्वास बसेना. आर्थर राजाच्या दरबारापासून सुपरमॅनपर्यंत ‘खरा पुरुष डगमगत नाही, रडत नाही’ हाच आदर्श म्हणे अखंड चालत आला आहे. लेखकमहाशयांनी या कथा वाचल्या आहेत, की नुसती चित्रे पाहिली?

गेल्या महिन्यात नातवाच्या शाळेत फॅन्सी ड्रेस होता. छातीवर, दंडावर स्पंज शिवून फुगवलेला स्पायडरमॅनचा ड्रेस भाड्याने आणला. भाडे ३००, डिपॉझिट ५००. पोरगे स्टेजवर दोन ओळी म्हणून अडकले आणि रडू लागले. सूत्रसंचालक सरांनी माइकवरून विचारले, “काय रे, स्पायडरमॅन रडतो का?” सगळा हॉल हसला. अहो, रडतो! १९६२ च्या पहिल्याच गोष्टीत रडतो. ‘माझे काय जाते’ म्हणून ज्या चोराला जाऊ दिले, त्यानेच काकांचा जीव घेतला, हे कळल्यावर. आणि त्याची छाती-बिती काही फुगलेली नसते. वर्गातली पोरे ज्याची टर उडवतात असा चष्मेवाला, काटकुळा मुलगा तो. हे तिथेच उठून सांगायला हवे होते. मी गप्प बसले. तो राग आज तुमच्यावर निघतो आहे, हे मान्य.

पण मी कॉलेजात आर्थरकथा लिहिणारा इंग्रज लेखक मॅलरी शिकवला आहे, म्हणून आर्थरचा सर्वांत नामांकित शिलेदार लान्सलॉट याच्याबद्दल बोलणारच. सर अरी या घायाळ शिलेदाराच्या जखमा कुणाच्याच हाताने भरेनात, त्या याच्या हाताने भरल्या. दरबार आनंदात, आणि हा मार खाल्लेल्या पोरासारखा रडतो आहे! १४८५ सालच्या छापील पुस्तकात आहे हे. त्याआधीच्या फ्रेंच काव्यात, पळवून नेलेल्या आर्थरच्या राणीला, म्हणजे आपल्या प्रेयसीला, शोधताना गुन्हेगारांच्या गाडीत चढायची लाज वाटून तो दोन पावले थबकतो, आणि राणी रुसते ती तेवढ्यावरून. स्वतःची अब्रू जपली, हाच दोष! आर्थरचाच दुसरा शिलेदार गवेन तर पैजेप्रमाणे मान पुढे करतो, पण कुऱ्हाड उगारली जाताच अंग चोरतो, जीव वाचावा म्हणून जादूचा हिरवा पट्टा लपवतो. खाली मान घालून परत येतो तेव्हा दरबार हसतो खरा, पण मग सगळेच तसला पट्टा बांधायचे ठरवतात. आमच्या हॉलमध्ये असे कुणाला सुचले नाही. दुकानदाराने तर ‘स्पंज ओला झालाय’ म्हणून डिपॉझिटचे १०० रुपये कापले.

सुपरमॅनबद्दल लेखकाचे बरोबर असेलही. तो मला कधीच आवडला नाही, तेव्हा चालू द्या.

आणखी एक. लान्सलॉटचे नाव एकाच पानावर तीन तऱ्हांनी छापले आहे. मुद्रितशोधक सुटीवर होते काय? आणि जाहिरातीला जागा हवी म्हणून शब्दकोडे इतके बारीक केले आहे, की आता भिंग घेऊन बसावे लागते. ते तरी पुढच्या रविवारपासून पूर्ववत करावे, ही विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली