तक्रार (डिस्क गोल्फ): फोरहँड शिकणारीच्या माथी मारलेला स्पीड १३ चा ड्रायव्हर

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या हेल्पलाइनवर तेवीस मिनिटं घालवून आत्ताच फोन ठेवलाय. हा चौथा फोन होता. पाचवा करणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या वेबसाइटवर डिस्क गोल्फची, म्हणजे डिस्क फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकायच्या खेळाची, डिस्क निवडून देणारा फॉर्म आहे. मी त्यात सगळं खरं भरलं. उजवा हात. बॅकहँड (हात अंगाच्या पलीकडून आणून टाकायचा) दोन वर्षं, फोरहँड (हाताच्याच बाजूने, मनगटाच्या झटक्याने टाकायचा) अगदी नवा. फोरहँडचं अंतर जेमतेम ४५ मीटर. वजन १६५ ते १६८ ग्रॅम हवं. एवढं भरून घेऊन फॉर्मने काय सुचवलं, तर डिस्टन्स ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब टाकायची डिस्क: स्पीड १३, ग्लाइड ५, टर्न -१, फेड ३. वर हिरवी पट्टी, 'फोरहँड शिकणाऱ्यांसाठी उत्तम'.

४५ मीटरवाल्याच्या हातातून स्पीड १३ ची डिस्क काय करते, हे तुम्हाला मी सांगायला नको. साचे तुमचे, आकडेही तुम्हीच छापता. तरी सांगते. स्पीड म्हणजे डिस्क नीट उडायला हाताला लागणारा वेग, ग्लाइड म्हणजे हवेत तरंगणं, टर्न म्हणजे सुरुवातीला वेगात असताना घेतलेलं वळण, फेड म्हणजे वेग मंदावल्यावर उलट बाजूला पडणं. इथे टर्नचा पत्ता नसतो. हातातून सुटल्या सुटल्या फेड सुरू होतो आणि पंचवीस मीटरवर डिस्क उजवीकडच्या झुडपात. पहिल्या दिवशी मी खेळण्यापेक्षा शोधण्यातच जास्त वेळ घालवला.

फोरहँडला ओव्हरस्टेबल, म्हणजे फेडकडे जास्त ओढा असलेली, डिस्क द्यावी, हे मीही ऐकलंय. मनगट वाकडं सुटलं की डिस्क डगमगते, आणि ओव्हरस्टेबल डिस्क ते डगमगणं पचवते. बरोबर आहे, पण ज्याच्या हाताला तेवढा वेग आहे त्याच्यासाठी. माझ्या हाताला तो नाही, आणि ते मी फॉर्ममध्ये लिहिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की डिस्क उजवीकडे पडू नये म्हणून सोडताना मी मनगट पालथं घालायला लागले आहे. तळवा वर राहायला हवा, तो जमिनीकडे वळायला लागला. म्हणजे तुमच्या ड्रायव्हरने मला फोरहँड शिकवला नाहीच, वर एक वाईट खोड लावून दिली. ती मोडायला आता किती महिने जातील, याचा फॉर्म तुमच्याकडे आहे का?

वजनाचं तर बोलूच नये. १६५ ते १६८ मागितलं होतं. डिस्कच्या पोटावर पेनाने लिहून आलं १७५. घरच्या काट्यावर ठेवली तर १७७. काटा एखाद-दोन ग्रॅम इकडेतिकडे होत असेल, मान्य. पण पीडीजीएचा, म्हणजे डिस्क गोल्फच्या संघटनेचा, नियम व्यासाच्या दर सेंटीमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅमचा आहे आणि तुमची डिस्क २१.१ सेंटीमीटरची. गुणाकार तुम्हीच करा. काटा खरा असेल, तर ही डिस्क स्पर्धेतही चालायची नाही.

कड २.२ सेंटीमीटर रुंद. बॅकहँडला चार बोटं खाली धरायला असतात, फोरहँडला दोन. माझ्या लहान हाताला ती दोन आतल्या कडेला नीट टेकत नाहीत. त्यातही तिथे साच्याच्या जोडावरची प्लास्टिकची बारीक धार तशीच राहिलेली. फोरहँडचा सगळा जोर मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर येतो आणि ती धार नेमकी त्याच जागी. शनिवारी चाळीस थ्रो केले, रविवारी त्या पेरावर तांबडा फोड घेऊन बसले. शेवटी नखं घासायच्या फाइलने मीच ती धार घासून काढली. कारखान्यात हे काम कुणाकडे असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा.

आता आजच्या फोनकडे येते.

डिस्कबरोबरच्या कार्डावर उड्डाणाचं चित्र आहे. त्यात डिस्क आधी किंचित उजवीकडे जाते, मग डावीकडे पडते. हे उजव्या हाताच्या बॅकहँडचं चित्र. फोरहँडला फिरकी उलटी, म्हणून सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. फोरहँडसाठी म्हणून विकलेल्या डिस्कबरोबर बॅकहँडचं चित्र, आणि ते बॅकहँडचं आहे हेही कुठे लिहिलेलं नाही. मी म्हटलं, डिस्क उजवीकडे पडते आणि चित्र डावीकडचं आहे, नवीन माणसाने काय समजायचं?

"मॅडम, आपण डावखुऱ्या आहात का?"

नाही म्हटलं.

"मग डिस्क डावीकडेच जायला हवी."

मी म्हटलं, मी फोरहँड टाकते.

कीबोर्डचा आवाज. बराच वेळ. मग, "मॅडम, सिस्टिममध्ये असं दिसतंय की आपल्याला डावखुऱ्यांची डिस्क लागेल. ती सध्या स्टॉकमध्ये नाही."

डिस्क गोल असते. तिला डावं-उजवं नसतं. हे मला तुमच्या माणसाला सांगावं लागलं. डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला. तो म्हणाला, "मॅडम, मी नोंद करून ठेवतो, दोन ते तीन आठवड्यांत येईल." मी विचारलं, काय येईल? "डावखुऱ्यांची डिस्क." मी परत म्हटलं, अशी डिस्क जगात नाही. त्यावर त्याने मला वरिष्ठांकडे जोडून दिलं. वरिष्ठ अकरा मिनिटांनी आले आणि म्हणाले, "तोवर हीच डिस्क उलटी धरून टाकून बघा."

उलटी धरून. घुमट खाली आणि पोकळ बाजू आभाळाकडे. मी गप्प बसले, कारण तोंड उघडलं असतं तर हे पत्र लिहायची सोय राहिली नसती. गंमत म्हणजे उजव्या हाताचा फोरहँड आणि डावखुऱ्याचा बॅकहँड यांची फिरकी एकच असते. तो पहिला मुलगा चुकून का होईना, खऱ्याच्या जवळ पोचला होता. त्याचा दोष नाही, त्याच्यापुढे जे पान उघडलं ते त्याने वाचलं. ते पान कुणी लिहिलं?

परवा एका मैत्रिणीने तिचा फेअरवे ड्रायव्हर, म्हणजे कमी वेगावरही नीट उडणारा ड्रायव्हर, टाकायला दिला. दुसऱ्या कंपनीचा. स्पीड ७, टर्न शून्य, फेड १, वजन १६७, कड बोटांत बसणारी. पहिले दोन थ्रो डगमगत डावीकडे वळून जमिनीवर आपटले, आणि मनगट पालथं पडतंय हे मला पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. तळवा वर ठेवला. पाचवा थ्रो सरळ गेला, शेवटी जरासा उजवीकडे कलून ६० मीटरच्या खुणेपाशी टेकला. मला हवी होती ती एवढी साधी डिस्क. तुमच्या यादीतही स्पीड ७ चे दोन ड्रायव्हर आहेत, मी बघितलेत. फॉर्मला ते दिसत नाहीत, कारण ते महाग नाहीत, असं आता मी समजून चालते.

वाईट याचं वाटतं की माझा पहिला पटर, टोपलीजवळून टाकायची डिस्क, तुमचाच. टोपलीच्या साखळ्यांनी त्याच्या कडेचे पापुद्रे निघालेत, तरी पिशवीत पहिला तोच असतो. त्याच्याच भरवशावर मी हा फॉर्म भरला होता.

मला पैसे परत हवे आहेत, पाठवणीच्या खर्चासकट. डावखुऱ्यांच्या डिस्कची माझ्या नावावरची नोंद रद्द करा. कार्डावरच्या चित्राखाली 'उजवा हात, बॅकहँड' एवढे तीन शब्द छापा. दहा दिवसांत उत्तर आलं नाही, तर बँकेकडे व्यवहारावर हरकत नोंदवीन आणि आजचं संभाषण जसंच्या तसं तुमच्या विक्री पानावर परीक्षण म्हणून टाकीन. एक तारा. शून्य देता येत नाही म्हणून.

डिस्क खोक्यात भरून ठेवली आहे, कार्डासकट. कुठे पाठवायची ते लेखी कळवा. फोन नको.

एक ग्राहक (उजव्या हाताची)