पथदिव्यांची निविदा काढण्यापूर्वी

माननीय नगरविकासमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

सोडियमचे पिवळे पथदिवे उतरवून एलईडी बसवले जात आहेत. वीज वाचते, त्याबद्दल आम्हा आकाशनिरीक्षकांची तक्रार नाही. विनंती एवढीच, की निविदेत दिव्याचा रंग आणि त्यावरची झाकणी यांच्याही अटी घालाव्यात.

पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश जास्त असतो आणि हवेत तो तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते ते त्यामुळेच. रात्री हाच विखुरलेला उजेड शहरावर साचतो. चंद्र, गुरू, शनी तरीही छान दिसतात. हरवतात ते मंद, पसरट पिंड: तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग), धूमकेतूंच्या शेपट्या आणि 25 लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह), जी अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी दिसते. मोठी दुर्बीण घ्या, असे लोक सुचवतात. पण दुर्बिणीत दीर्घिकेबरोबर उजळलेले आकाशही येते. दोघांतला फरक काही वाढत नाही.

आमच्या हौसेपोटी सरकारने दिवे का बदलावेत, असे कुणी विचारेल. 23 जुलै 1995 च्या रात्री थॉमस बॉप हे हौशी निरीक्षक अॅरिझोनाच्या वाळवंटात मित्राच्या दुर्बिणीतून एक तारकागुच्छ पाहत होते. शेजारी त्यांना एक पुसट ठिपका दिसला. पुढे 1997 मध्ये जगाने डोळे भरून पाहिलेला हेल-बॉप धूमकेतू तो हाच. रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या नोंदी तर हौशी निरीक्षक शतकाहून अधिक काळ करत आले आहेत आणि व्यावसायिक शास्त्रज्ञ त्या वापरतात. शहरातल्या मुलाला यात उतरायचे असेल, तर आधी त्याला तारे दिसायला हवेत ना?

मार्ग अवघड नाही. झाकणी अशी असावी की दिव्याचा उजेड आडव्या पातळीच्या वर जाऊ नये, रंग 2700 केल्विनपर्यंतच, म्हणजे पिवळसर असावा (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर), मध्यरात्रीनंतर दिवे मंद व्हावेत. यातली झाकणी सर्वांत महत्त्वाची. तिच्यामुळे उजेड रस्त्यावर पडतो, वाहनचालकाचे डोळे दिपत नाहीत, म्हणजे सुरक्षितताही सांभाळली जाते. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ शहराने आकाशात झोत टाकणाऱ्या दिव्यांवर 1958 मध्येच बंदी घातली. फ्रान्सने 2018 च्या आदेशाने बाहेरच्या दिव्यांची दिशा आणि रंग दोन्ही बांधून दिले.

एकदा खांबावर चढलेला दिवा वर्षानुवर्षे उतरत नाही, म्हणून ही घाई. अटींचा मसुदा करताना खगोलप्रेमी मंडळांना बोलवावे. दिवे बदलण्याआधी आणि नंतर आकाशाच्या उजळपणाची मोजणी आम्ही विनामूल्य करून देऊ.

कळावे,
आपला,
एक आकाशनिरीक्षक