पर्यावरणाचा पेपर कॉस्टिंगवाल्यांच्या हातात द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉमर्स आणि मॅनेजमेंटच्या मुलांना पर्यावरण हा विषय असतो, पण तो कसा असतो हे पेपर तपासणाऱ्याला विचारा. शाश्वत विकासाची १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाची व्याख्या, ओझोनच्या थरावर एक टीप, 'झाडांचे महत्त्व' आणि स्पायरल बाइंडिंग केलेला प्रोजेक्ट जो मागच्या बॅचच्या फाइलवरून उतरवलेला असतो. मुलं पास होतात, मग कुठल्यातरी कंपनीत बसून नेट झिरोच्या (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून हिशेब शून्यावर आणायच्या) स्लाइड बनवतात आणि त्यातला एकही आकडा त्यांना तपासता येत नाही.

सिमेंटचंच घ्या. समजा एखादी कंपनी म्हणाली की आम्ही सगळी वीज सोलरची घेतो म्हणून आमचं सिमेंट ग्रीन, तर आपला मुलगा मान डोलावणार. पण चुनखडी भट्टीत तापवली की तिचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ५६ किलो चुना आणि ४४ किलो गॅस, आता वीज कुठूनही आणा हा ४४ किलो निघणारच कारण तो त्या दगडातच आहे. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त वाटा हा असा दगडातून येतो, उरलेला बराचसा भट्टीतल्या इंधनाचा, विजेचा त्यामानाने थोडाच. म्हणजे खरा फरक पाडायचा तर क्लिंकर (भट्टीतून निघणारे भाजलेले खडे, जे दळून सिमेंट होतं) कमी करून फ्लाय अ‍ॅश नाहीतर स्लॅग (औष्णिक वीज केंद्राची राख नाहीतर लोखंडाच्या भट्टीची मळी) घालावं लागेल, आणि हा निर्णय परचेस आणि कॉस्टिंगवाले घेतात, केमिस्ट एकटा नाही घेत!

स्कोपचं पण तेच. कंपन्यांचं उत्सर्जन मोजायची ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल ही पद्धत २००१ पासून आहे आणि स्कोप म्हणजे त्यातले उत्सर्जनाचे गट. स्वतः जाळलेलं इंधन आणि स्वतःच्या कारखान्यातून थेट सुटणारा गॅस स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २ आणि बाकी मागचं-पुढचं सगळं स्कोप ३. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीचं सगळ्यात मोठं उत्सर्जन गाडी विकल्यानंतर गिऱ्हाइकाच्या टाकीतून होतं, म्हणजे स्कोप ३ मध्ये. रिपोर्टच्या पहिल्या पानावर फक्त १ आणि २ ची घट छापली असेल तर काय गाळलंय हे ओळखायला ऑडिटवाल्या डोक्याचीच गरज आहे.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. प्रेझेंट व्हॅल्यू (पुढे कधीतरीच्या रकमेची आजची किंमत) ही मुलं झोपेत काढतात, पण हवामानाच्या वादात ती कुठे बसते हे त्यांना कोणी सांगतच नाही. १०० वर्षांनी होणारं १०० रुपयांचं नुकसान ५ टक्के दराने आज फक्त ७६ पैशांचं दिसतं आणि १ टक्क्याने धरलं तर जवळपास ३७ रुपयांचं. नुकसान तेच, नुसता दर बदलला. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या हवामान बदलाच्या खर्चावरच्या २००६ च्या अहवालावर अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी जी टीका केली तिचा मुख्य रोख याच दरावर होता. नातवंडांच्या नुकसानीला किती टक्के सूट द्यायची, हा प्रश्न फायनान्सच्या वर्गात नाही विचारायचा तर कुठे विचारायचा?

"कॉमर्सच्या मुलांना सायन्स झेपत नाही" हे उत्तर मी खूप वेळा ऐकलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. डिफर्ड टॅक्सची गणितं सोडवणाऱ्याला चुनखडीचं एक समीकरण झेपत नाही होय? झेपत नाही ते शिकवणाऱ्यांना, कारण हा विषय ज्याचं वर्कलोड कमी पडतंय त्याच्या गळ्यात मारला जातो (ते बिचारे तरी काय करणार).

माझी मागणी एवढीच की हा पेपर कॉस्टिंगच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा, आणि परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी एखाद्या कंपनीच्या सस्टेनेबिलिटी रिपोर्टची चार पानं हातात द्यावीत, पुस्तक उघडं ठेवायची परवानगी द्यावी आणि विचारावं की यातलं कुठलं उत्सर्जन मोजलेलंच नाही, बेस इयर (ज्या वर्षाशी घट ताडून बघतात ते) कुठलं धरलंय आणि तेच का धरलं असेल.

कॉमर्सचा एक शिक्षक