सिम्युलेशनच्या चित्रासोबत आकडेही छापा

महोदय,

नव्या यंत्राच्या किंवा वाहनाच्या बातमीसोबत हल्ली निळ्यापासून लालपर्यंत रंगवलेलं एक चित्र हमखास असतं आणि खाली ओळ असते, ‘संगणकावर चाचणी यशस्वी’. हे सिम्युलेशनचं, म्हणजे भार आल्यावर भागाचं काय होईल याच्या संगणकी गणिताचं चित्र. कोणता रंग म्हणजे किती, हे सांगणारी रंगपट्टी बहुधा कापलेली असते. ती नसेल तर लाल म्हणजे स्ट्रेस (पदार्थाच्या आत दर क्षेत्रफळामागे येणारं बल) २० मेगापास्कल की २००, हे कळायला मार्ग नाही. सॉफ्टवेअर कमाल स्ट्रेसला लाल रंग देतं, मग तो कितीही किरकोळ असो. वाकलेला आकारही खरा नसतो. डोळ्यांना दिसावा म्हणून तो बऱ्याचदा कित्येक पटींनी वाढवलेला असतो.

चित्रामागे काय घडतं ते एका साध्या पोलादी पट्टीवर पाहता येईल. लांबी २०० मिमी, रुंदी २०, जाडी ५. एक टोक घट्ट धरलेलं, मोकळ्या टोकावर ५० न्यूटन भार. कागदावर गणित केलं तर टोक सुमारे ३ मिमी खाली जातं आणि धरलेल्या टोकाशी १२० मेगापास्कल स्ट्रेस येतो. संगणक हेच गणित फाइनाइट एलिमेंट पद्धतीनं करतो, म्हणजे भागाचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून; त्या तुकड्यांची जाळी म्हणजे मेश. आता हीच पट्टी चार नोडच्या (जोडबिंदूंच्या) टेट्राहेड्रॉन, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या एलिमेंटनी, जाडीत एकच थर ठेवून मेश करा. टोक ३ मिमीपेक्षा बरंच कमी झुकतं. पट्टी काही बळकट झालेली नसते. त्या एलिमेंटमध्ये स्ट्रेन (ताणलं जाण्याचं प्रमाण) सगळीकडे सारखाच धरलेला असतो, त्यामुळे त्याला नीट वाकताच येत नाही आणि तो उगाच ताठ वागतो. दहा नोडचा एलिमेंट घेतला की उत्तर जागेवर येतं. चित्र मात्र दोन्ही वेळा सारखंच देखणं.

म्हणून मेश एकदा करून भागत नाही. महत्त्वाच्या जागी एलिमेंटचा आकार निम्मा करून पुन्हा सोडवायचं. स्ट्रेस पाचेक टक्क्यांहून जास्त हलला तर आणखी बारीक करायचं. यातही एक खाच आहे. आतल्या बाजूच्या टोकदार कोपऱ्यावर मेश जितका बारीक कराल तितका स्ट्रेस वाढतच जातो, थांबतच नाही. तिथला आकडा निरर्थक असतो. खऱ्या भागाला तिथे फिलेट (कोपऱ्याची गोलाई) असते, ती मॉडेलमध्येही हवी. वेळ वाचवायला फिलेट काढून टाकणारे नंतर त्याच कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावर तासभर वाद घालत बसतात.

तरी मेशच्या चुका पकडता येतात. जास्त नुकसान करतो तो आधार. चार बोल्टवर बसवलेला ब्रॅकेट मॉडेलमध्ये तळाच्या अख्ख्या पृष्ठभागावर ‘फिक्स’ केला की तो खऱ्याहून कितीतरी ताठ होतो. प्रत्यक्षात बोल्टपासून दूरची कड उचलली जाते. दोन भागांमध्ये ‘बाँडेड’ (चिकटवल्यासारखा) कॉन्टॅक्ट दिला तर तिथली फट उघडूच शकत नाही आणि बोल्टवर येणारा जादा ताण दिसतच नाही. सोडवून झाल्यावर आधारांवरच्या प्रतिक्रियांची (आधारांनी उलट दिलेल्या बलांची) बेरीज लावलेल्या भाराइतकी येते का, हे पाहायला मिनिटही लागत नाही. बेरीज जुळली म्हणजे आधार बरोबर असं नव्हे, पण जुळली नाही तर पुढचं काही पाहूच नये.

एककांचा घोळ निराळाच. मिलिमीटर-टन-सेकंद पद्धतीत पोलादाची घनता ७.८५ × १०⁻⁹ भरायची असते. टनाऐवजी किलोग्रॅमच्या हिशेबानं १०⁻⁶ भरली तर कंपनाची वारंवारता सुमारे ३२ पट कमी येते. दहा लाख पट चुकली असती तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. ३२ पट चुकलेला आकडा अहवालात खुशाल छापला जातो. पातळ पत्र्याच्या भागात तर स्ट्रेस यील्डच्या (पदार्थ कायमचा वाकू लागतो त्या मर्यादेच्या) खूप खाली असतानाही पत्रा बकल होऊन दुमडतो. साध्या स्टॅटिक विश्लेषणात ते दिसत नाही, बकलिंग वेगळं तपासावं लागतं.

२३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेतल्या स्टॅव्हँगरजवळ ‘स्लाइप्नर ए’ या समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया पाण्यात खाली उतरवताना फुटून बुडाला. विश्लेषणात भिंतींच्या जोडावरचा मेश ओबडधोबड होता आणि शिअर (कातरणारा) स्ट्रेस ४७ टक्के कमी धरला गेला होता. नंतर नीट केलेल्या विश्लेषणानं ६२ मीटर खोलीवर तडा जाईल असं दाखवलं. प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर गेला होता. दोन्ही वेळा पद्धत एकच, फाइनाइट एलिमेंटची. सिम्युलेशनवर अविश्वास दाखवावा असं आमचं म्हणणं नाही. नमुना बनवण्याआधी दहा रचना बाद करायला त्याच्यासारखं साधन नाही. पण ‘आता नमुन्याची गरजच उरली नाही’ हे वाक्य छापण्याआधी मॉडेल कशाशी पडताळलं, एवढं तरी विचारावं.

चित्राखाली दोन ओळींची जागा पुरेल. उदाहरणार्थ: ‘भार २ किलोन्यूटन, आधार चार बोल्टवर, कमाल स्ट्रेस १४० मेगापास्कल, पदार्थाची यील्ड मर्यादा २५०, आकार ५० पट वाढवून दाखवला आहे, नमुन्यावर स्ट्रेन गेज लावून मोजणी अजून व्हायची आहे.’

आपले,
डिझाइन विश्लेषणात काम करणारे काही वाचक