खडीच्या रस्त्याला बटण टायर नकोत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत कच्च्या रस्त्यांवरच्या भटकंतीवर एक पान आलं होतं. त्यात खडीच्या रस्त्यासाठी मड टेरेन टायर घ्या, असा सल्ला होता. मड टेरेन म्हणजे मोठाल्या ठोकळ्यांचे टायर, आमच्याकडे त्यांना बटण टायर म्हणतात. मी 19 वर्षं राजूरहून रतनवाडी, साम्रद, कुमशेत, पाचनई या बाजूला बोलेरो चालवतो. बाजाराची माणसं, भाताची पोती, आजारी माणूस, मे-जूनमध्ये काजवे बघायला येणारे पाहुणे, सगळी वाहतूक याच गाडीतून होते. अनुभवावरून सांगतो, तो सल्ला चुकीचा आहे. आमच्या वाडीतल्या दोन पोरांनी तो वाचला आणि कर्जाने घेतलेल्या गाडीला तसलेच टायर घालायचं ठरवलं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

टायर निवडायच्या आधी खाली दगड कोणता आहे ते बघावं लागतं. आमचा सह्याद्रीचा काळा पाषाण. नदीतला गोटा गोल असतो, त्याच्यावर टायर घसरतो पण कापला जात नाही. कोकणातला जांभा त्या मानाने मऊ, चाकाखाली झिजतो. काळ्या दगडाची क्रशरमधून निघालेली खडी मात्र कोयत्यासारखी असते, तिला चारी बाजूंनी धार. रस्त्याचं खडीकरण करताना 63 ते 45 मिलिमीटरची खडी, तिच्यावर थोडी बारीक, फटींत मुरूम आणि पाणी, वरून रोलरची दबाई असं काम असतं. ते नीट झालं तर रस्ता चांगला बसतो. पण घाटघरच्या अंगाला पाऊस असा कोसळतो की पहिल्याच आषाढात मुरूम वाहून जातो आणि खडीच्या धारा वर उभ्या राहतात. त्या धारा टायरच्या तळाला तेवढ्या लागत नाहीत, बाजूला लागतात. तळाचं पंक्चर राजूरला अर्ध्या तासात निघतं. बाजू चिरली की तो टायर भरवशाचा राहत नाही, मग त्याची नक्षी कितीही शिल्लक असो.

2021 साली मी स्वतः ही चूक केली. शहरातल्या एका दुकानदाराने सांगितलं, डोंगरात चालवता ना, मग हेच घ्या. चार बटण टायर घेतले, दोन महिन्यांची कमाई गेली. पहिल्या चिखलात खरंच बरं वाटलं. भाताच्या खाचरातून गाडी सरळ वर आली. बटण टायर त्याच कामासाठी असतो. त्याच्या ठोकळ्यांमधल्या फटी रुंद ठेवतात, म्हणजे चिखल अडकत नाही, चाक फिरेल तसा बाहेर फेकला जातो. पण खडीवर तीच फट नडते. प्रत्येक ठोकळा सुटा पडतो, सगळा भार एका टोकदार दगडावर येतो आणि कड तुटते. तीन महिन्यांत ठोकळ्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या. फटींत खडे रुतून बसायचे. मी रोज रात्री स्क्रू ड्रायव्हरने काढायचो, कारण राहिलेला खडा चाकाबरोबर रबरात खोल खोल जातो. जे बसत नाहीत ते मागे उडतात, आणि मागून कुणीतरी मोटारसायकलवर येत असतो. वर आमचा अर्धा रस्ता डांबरी. ओल्या डांबरावर या टायरचं रबर कमी टेकतं. वारंघुशीच्या अलीकडे एका वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी तशीच पुढे सरकत गेली, ते आजही आठवतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रात्री साडेअकराला एका पाड्यावरून बाळंतपणाचा फोन आला. गाडीत ती बाई, तिची सासू, नवरा, आशाताई, आणखी दोघं आणि मी. बटण टायर खडीवर फार आदळतात, तिला धक्के बसू नयेत म्हणून मी निघतानाच हवा 30 पौंडांवरून (पीएसआय) 20 वर आणली होती. माझी चूक तिथे झाली. हवा थोडी कमी केली तर टायर दगडावर नमतं घेतो, हे खरं. पण सात माणसं भरलेल्या गाडीत 20 ची हवा म्हणजे टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि थेट खडीला भिडते. मड टायरची बाजू तशी जाड असते, तरी मागचा डावा टायर चार बोटं चिरला. पावसात जॅक लावला, खडीत जॅक रुतत होता, खाली फळी घातली. सासूबाई एका हातात बॅटरी आणि एका हाताने सुनेचा हात धरून दारात उभ्या होत्या. स्टेपनी काढली तर तिच्या बाजूवर बारीक बारीक तडे. आठ वर्षांची होती ती, नक्षी नवी होती म्हणून मी कधी नीट बघितलीच नव्हती. त्या स्टेपनीवर 15 च्या वेगाने राजूर गाठलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. ती आता अंगणवाडीत जाते.

तेव्हापासून मी ऑल टेरेन टायर घालतो. नक्षी दाट, फटी अरुंद, आणि घेताना बाजूला किती थर आहेत ते विचारून घेतो. तीन थरांची बाजू मिळाली तर चार पैसे जास्त देतो. माप कंपनीचंच ठेवतो, 215/75 आर 15. यातला 215 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, 75 म्हणजे त्या रुंदीच्या 75 टक्के बाजूची उंची, म्हणजे 161 मिलिमीटर, आणि 15 म्हणजे इंचांत रिमचं माप. शहरातून येणाऱ्या पुष्कळ गाड्यांना 215/60 आर 17 असतो, त्याची बाजू 129 भरते. तेवढ्या कमी रबरात मोठा दगड आला की रिम आणि दगडात टायर चेपतो. साम्रदच्या रस्त्याला अशा तीन गाड्यांना मी दोर लावलाय. उलट हौसेने 235 चा मोठा टायर घातला की वळताना तो आतल्या पत्र्याला घासतो, डिझेल जास्त जातं, आणि काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 62-63 ने पळत असते.

मापाशेजारी 100 एस असं लिहिलेलं असतं, त्यातला एस वेगमर्यादेचा. 100 म्हणजे पूर्ण हवेत त्या एका टायरवर 800 किलोपर्यंत भार चालतो. माणसं आणि पोती वाहणाऱ्याने हा आकडा कधीही खाली येऊ देऊ नये. आणि चार आकडी शिक्का बघावा. 3521 असेल तर 2021 सालच्या 35 व्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानदार कपाटामागचा जुना टायर नवा म्हणून काढतो, तेव्हा हा शिक्काच खरं सांगतो. स्टेपनीचाही बघावा.

हवेचं म्हणाल तर गाडी रिकामी किंवा दोघं-तिघं असताना खडीवर चार-पाचने कमी करतो, भरलेल्या गाडीची कमी करत नाही, आणि डांबरावर आलो की पहिल्या पंपावर परत भरतो. मोजायची ती सकाळी थंड टायरची. चाललेल्या टायरची हवा वाढलेली दिसते आणि फसगत होते.

रिमोल्ड टायर (जुन्यावर नवं रबर चढवलेले) आणि गोटा झालेले, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झालेले टायर यांवर खरं तर वेगळं लिहायला हवं. आमच्याकडे पुष्कळ जण नाइलाजाने ते वापरतात, त्यांना मी दोष देत नाही. पण निदान पुढच्या दोन चाकांना तरी घालू नका, एवढं हात जोडून सांगतो. तसंच खडी पसरून डांबर न टाकता दोन-दोन पावसाळे रस्ता तसाच सोडून जाणाऱ्या ठेकेदारांबद्दलही आपण लिहावं. त्या खडीची किंमत आम्ही टायरमध्ये भरतो.

माझी विनंती एवढीच आहे की पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा मड टेरेन चिखलासाठी आणि ऑल टेरेन खडीसाठी, हे स्पष्ट छापा. जमल्यास हे पत्र या आठवड्यात घ्या. ती दोन पोरं येत्या रविवारी टायर आणायला संगमनेरला जाणार आहेत. मी तोंडी सांगून पाहिलं, पण ते पेपर दाखवतात.

आपला,
एक जीपचालक
राजूर, ता. अकोले, जि. अहिल्यानगर