पाच कंपन्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं

प्रति,
श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थ व कंपनी व्यवहार मंत्री, नवी दिल्ली

महोदया,
सादर नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझे पती सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात, हातात येणारा पगार ४२,००० रुपये. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. गेल्या वर्षी एका मंगळवारी, मधल्या सुट्टीत मुलांना खिचडी वाढत असताना मला अनोळखी नंबरवरून फोन आला. त्या माणसाने माझं पूर्ण नाव घेतलं, शाळेचं नाव घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, साहेबांचं कार्डाचं पेमेंट राहिलंय, फोन उचलत नाहीत. फॉर्मवर रेफरन्स म्हणून तुमचा नंबर आहे." मी म्हटलं, आमच्याकडे क्रेडिट कार्डच नाही. तो जरा थांबला. "असं कसं मॅडम? मला इथं पाच दिसतायत."

पाचच होती. कंपनीतल्या लॉकरमध्ये ठेवलेली. स्टेटमेंटं मला माहीत नसलेल्या ईमेलवर यायची. सगळी मिळून बाकी ६,४०,००० रुपये.

सुरुवात २०२१ मध्ये सासऱ्यांच्या बायपासपासून झाली. विमा होता, पण पुरला नाही. माझ्या नावावरची एफडी मोडायला लागू नये म्हणून यांनी ९०,००० रुपये कार्डावर टाकले आणि "ओव्हरटाइममधून फेडीन" असं मनाशी ठरवलं. ओव्हरटाइम बंद झाला. मग दर महिन्याला फक्त मिनिमम, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरणं सुरू झालं, मग पहिल्या कार्डाचं भरायला दुसरं कार्ड आलं. शेवटी तर एक मोबाइलवाला गाठला होता. तो स्वतःच्या पैशाने बिल भरायचा, लगेच तेच कार्ड स्वाइप करून पैसे काढून घ्यायचा आणि शेकड्याला अडीच रुपये ठेवायचा. याला तिथे 'कार्ड फिरवणं' म्हणतात. हा शब्द मला त्या रात्री पहिल्यांदा कळला.

माझ्या नवऱ्याची चूक मी पदराखाली घालत नाही. चार वर्षं हा माणूस रोज रात्री माझ्या शेजारी बसून दुधाचा आणि भाजीचा हिशोब वहीत लिहीत होता, आणि त्यातला एक आकडाही खरा नव्हता. त्याचा जाब मी घेतला आहे, अजून घेते आहे. तो आमच्या घरातला प्रश्न आहे आणि त्यासाठी मला मंत्र्यांची गरज नाही. आपल्याला लिहिते आहे ते त्यानंतर जे पाहिलं त्यासाठी.

आठवडाभराने आम्ही दोघांनी बसून त्यांचा क्रेडिट अहवाल काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, हे आपल्या नियमांमुळेच शक्य झालं आणि त्याबद्दल मी आभारी आहे. त्या अहवालात सगळं होतं. कुठलं कार्ड कधी दिलं, लिमिट किती, त्या महिन्यात बाकी किती, कुणी कधी चौकशी केली. पाचवं कार्ड २,००,००० च्या लिमिटचं दिलं गेलं, तेव्हा आधीच्या चार कार्डांवर ४,१०,००० रुपये उभे होते आणि ते त्या कंपनीच्या डोळ्यांसमोर होते. पाचही लिमिटांची बेरीज साडेआठ लाख, म्हणजे यांचे वीस पगार. ज्या गोष्टी मला घरात राहून चार वर्षं दिसल्या नाहीत, त्या पाच कंपन्यांना दर महिन्याला दिसत होत्या.

आणि अहवालात तोवरच्या प्रत्येक महिन्यापुढे तीन शून्यं होती. थकबाकीचे दिवस शून्य, शून्य, शून्य. कारण मिनिमम वेळेवर जात होतं. जो माणूस एका कार्डाने दुसरं भरत बुडत चालला होता, तो कागदावर अगदी शहाणा ग्राहक दिसत होता, आणि म्हणूनच त्याची लिमिट दोनदा वाढवली गेली. संमती घेतली होती, हे मान्य. ॲपवर एकदा बोट टेकवलं की संमती होते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्ड निर्देशांत लिहिलं आहे की लिमिट ठरवताना ग्राहकाला इतर ठिकाणी मिळालेल्या सगळ्या लिमिट विचारात घ्याव्यात, त्याने स्वतः दिलेल्या माहितीवरून किंवा क्रेडिट अहवालावरून. वाक्य चांगलं आहे. पण विचारात घेऊन काय करायचं, कुठे थांबायचं, हे त्यात नाही. पाचव्या कंपनीनेही विचारात घेतलंच असेल. मग कार्ड दिलं.

थांबायचं कुठे, हे आपल्याकडे कुणाला सुचत नाही असंही नाही. २०१० मध्ये आंध्रात मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गरीब घरांना दिलेल्या छोट्या कर्जांनी हाहाकार झाला, त्यानंतर रिझर्व्ह बँकेची वाय. एच. मालेगाम समिती बसली आणि एका कर्जदाराला दोनपेक्षा जास्त मायक्रोफायनान्स कंपन्यांनी कर्ज देऊ नये असा नियम आला. १ एप्रिल २०२२ पासून तो नियम बदलला, पण त्या जागी आलेलाही कामाचा आहे. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते महिन्याच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तिथे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं हे एक घर धरलं जातं. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया बचतगटाबाहेर अशी कर्जं घेतात, त्यांच्यासाठी ही रेघ आखलेली आहे. ती नेहमी पाळली जात नाही, हे मी पाहते, पण रेघ आहे. कार्डाला ती का नाही? कारखान्यातला माणूस चाळीस हजार कमावतो म्हणून त्याचं घर बुडत नाही का?

व्याजाचं सांगते. यांच्या कार्डांवर सरासरी महिना साडेतीन टक्के होते, वर्षाचे ४२ टक्के. लाखाच्या बाकीवर महिन्याला ३,५०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६३० रुपये. मिनिमम म्हणून ५,००० भरले तर मुद्दल कमी होतं ८७० रुपयांनी. शिवाय बाकी मागे असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत, मग त्याच महिन्यात किराणा कार्डावर घेतला तर तेही ८७० गेले. सहा लाख चाळीस हजारांवर हाच हिशोब केला तर महिन्याला २२,४०० रुपये व्याज आणि ४,०३२ रुपये जीएसटी. कर्जाच्या इतर व्याजावर जीएसटी नाही, फक्त क्रेडिट कार्डाच्या व्याजावर आहे. म्हणजे माझे पती बुडत असताना दर महिन्याला चार हजारांवर रुपये केंद्राच्या आणि राज्याच्या तिजोरीत जात होते. हे मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण त्या तिजोरीतूनच माझाही पगार होतो.

महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवाना असलेल्या सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्याही आधीपासून आपल्याकडे दामदुपट आहे, व्याज मुद्दलाच्या वर चढू द्यायचं नाही हा नियम मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही मानला. बँकांना मात्र यातलं काहीच लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला, व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा विषय आहे असं सांगून. ठीक आहे. मग रिझर्व्ह बँकेने आणि आपण तो हातात घ्यावा. न्यायालयाने दार बंद केलं नाही, कुठलं दार ठोठावायचं ते सांगितलं आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कार्ड कर्जांसाठी जोखीमभार, म्हणजे त्या कर्जांपोटी बँकेने किती भांडवल राखायचं याचं माप, १२५ वरून १५० टक्के केला. त्याने बँकेचं भांडवल सुरक्षित होतं. आमच्यासारख्या घराला त्याचा उपयोग व्हायचा तर तो फार लांबून, कधीतरी.

ब्रिटनमध्ये २०१८ पासून एक नियम आहे. ग्राहकाने सलग अठरा महिन्यांत मुद्दलापेक्षा व्याज आणि आकार जास्त भरले, तर कंपनीने त्याच्याशी बोलून भरणा वाढवायला सांगायचं. छत्तीस महिन्यांनीही तेच चालू असेल तर परवडेल अशी परतफेड ठरवून द्यायची, आणि तीही झेपत नसेल तर व्याज कमी करायचं किंवा सोडायचं. हा नियम आमच्याकडे असता तर २०२३ मध्ये कुणीतरी यांना फोन करून विचारलं असतं. त्याऐवजी फोन आला तो लिमिट वाढवण्याचा.

काही जण म्हणतात, बायकोची सही घेतल्याशिवाय कार्ड देऊच नये, किंवा नवरा-बायकोला एकमेकांचा क्रेडिट अहवाल बघता यावा. मला सुरुवातीला तेच पटलं होतं. पण मग माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंची आठवण झाली, ज्यांनी मार खाऊन घर सोडण्याआधी आठ महिने गुपचूप वेगळं खातं चालवलं. त्यांच्या नवऱ्याला तो अहवाल दिसला असता तर? आणि सहीचा नियम आला तर उद्या कार्डासाठी प्रत्येक बाईला नवऱ्यापुढे उभं राहावं लागेल. नको. नवऱ्याची गुपितं माझ्यासमोर उघडी करा, असं मी मागत नाही. ज्याच्यासमोर ती आधीच उघडी आहेत, त्याने ती पाहून वागावं, एवढंच मागते.

वसुलीबद्दल थोडं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, कर्जदाराच्या घरच्यांच्या खाजगी आयुष्यात घुसू नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. मला रात्री नऊ वाजता फोन आले. "बायको म्हणून तुमचीही जबाबदारी आहे," असं मला तीनदा ऐकवलं गेलं. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक बाईला आणि बुवाला मी सांगते, ते खोटं आहे. तुम्ही जामीन नसाल, कर्जावर तुमची सही नसेल, तर जोडीदाराचं कार्ड तुमच्या डोक्यावर नाही. एका बँकेने तर आमच्या संयुक्त खात्यातल्या ६१,००० रुपयांवर लीन मारला, म्हणजे ते अडवून ठेवले. ते मुलीच्या होस्टेलचे पैसे होते, बहुतेक माझ्या पगारातले. शाखेत गेले तर म्हणाले, कार्ड डिपार्टमेंट वेगळं आहे. लेखी तक्रार केली, तीस दिवस वाट पाहिली, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेले, तेव्हा पैसे सुटले. तोपर्यंत होस्टेलची फी माझ्या बहिणीने भरली होती. एकाच्या कार्डासाठी संयुक्त खातं अडवता येणार नाही, असं आपण एका ओळीत लिहून द्या.

शेवटचं मागणं आपल्या दुसऱ्या खात्याकडे आहे. दिवाळखोरी संहिता २०१६ साली आली. कंपन्या तिच्यातून सुटून नव्याने उभ्या राहिल्या. त्याच संहितेत साध्या माणसांसाठीही भाग आहे, पण तो आजवर फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला आहे, डिसेंबर २०१९ पासून. बाकी सगळ्यांना अजून इंग्रजांचे कायदे, मुंबई शहरात १९०९ चा आणि आमच्या नाशकात १९२० चा. आणि संहितेतली 'नवी सुरुवात' ही सोय उद्या लागू झाली तरी ती वर्षाला ६०,००० पर्यंत उत्पन्न आणि ३५,००० पर्यंत कर्ज असलेल्यांसाठी आहे. एका कार्डाची लिमिट याहून मोठी असते. ते आकडे बदला आणि तो भाग लागू करा. प्रामाणिकपणे सगळं उघड करून, पाच वर्षांत जमेल तेवढं फेडून मोकळं व्हायची वाट माणसाला मिळाली, तर तो लॉकरमध्ये कार्डं लपवणार नाही. यांनी मला सांगितलं नाही त्याचं एक कारण लाज होती. दुसरं कारण त्यांनी नंतर सांगितलं: "सांगून तरी बाहेर पडायचं कुठून?"

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण कार्डाच्या अटी ग्राहकाला समजेल अशा भाषेत, शक्यतो स्थानिक भाषेतही द्याव्यात असं रिझर्व्ह बँकेच्या त्याच २०२२ च्या कार्ड निर्देशांत म्हटलं आहे. पाच कार्डांचे कागद मी चाळले. मराठीत एकही पान नव्हतं.

आज आमची स्थिती अशी आहे. एफडी मोडली. दोन कार्डं पूर्ण फेडून बंद केली, बंद केल्याचं पत्र हातात घेतल्याशिवाय मी उठले नाही. दोन कार्डांचे हप्ते बांधून घेतले आहेत, त्यांना अजून सव्वीस महिने आहेत. पाचव्याची बोलणी चालू आहेत. दर महिन्याच्या सात तारखेला आम्ही दोघं वही घेऊन बसतो, आता आकडे मी लिहिते. गेल्या आठवड्यात, बंद केलेल्या दोन कार्डांपैकी एकाच्या कंपनीकडून यांना मेसेज आला: तुमच्यासाठी ३,००,००० रुपयांचं कार्ड आधीच मंजूर आहे. त्यांनी तो मला लगेच दाखवला. त्याची प्रत या पत्राला जोडली आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, नाशिक
(मुलं अजून शिकत आहेत, म्हणून नाव लिहिलेलं नाही. आपल्या कार्यालयाने विचारल्यास कळवीन.)